अहो, हा माणूस पळतच नाही!

थांबा! हातातलं काम खाली ठेवा. चहा असेल तर चहासकट या, पण या! तुम्हाला एक गोल दाखवायचाय. एक म्हणजे तीन. म्हणजे खरं तर तिसराच, पण पहिले दोन बघितल्याशिवाय तिसऱ्याची मजा येत नाही, म्हणून तिन्ही. बसलात? नीट बसा!

आधीच सांगून टाकते, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. चार वर्षांतून एकदा वर्ल्डकपची फायनल बघायची, ज्यांच्या जर्सीचा रंग बरा त्यांच्या बाजूने ओरडायचं आणि मध्यंतरात डोळा लागला तर लागू द्यायचा, एवढाच माझा अनुभव. मला ऑफसाइड समजावण्याच्या बाबतीत घरच्यांनी केव्हाच हात टेकलेत. तेव्हा पुढे काही तांत्रिक शहाणपण दिसलंच तर ते माझं नाही, कुठून तरी चिकटलंय असं समजा. पण आता मला एक माणूस सापडलाय आणि मी तो भेटेल त्याला दाखवत सुटलेय! न्वान्क्वो कानू! नायजेरियाचा! जन्म ओवेरी गावचा, 1976 चा, उंची साडेसहा फुटांच्या घरात आणि पाय? पाय नुसते लांबच लांब, संपतच नाहीत! सगळ्या जगाला तो गेली तीस वर्षं ठाऊक आहे, मला आत्ता कळला. त्याला आता कोण काय करणार!

तर 23 ऑक्टोबर 1999. लंडन. मैदान चेल्सीचं, स्टॅमफर्ड ब्रिज. पाऊस धो धो, खेळाडू घसरतायत, पाणी उडतंय. पाहुणे आर्सेनलवाले पिवळ्या शर्टात आणि 2-0 ने मागे. खेळ संपायला पंधरा मिनिटं उरलीत. माझ्यासारखीने टीव्ही बंद करून कुकर लावला असता! आणि मग 75 व्या मिनिटाला ओव्हरमार्स नावाच्या डच खेळाडूने मारलेला बॉल गर्दीतून कानूपाशी येतो, कानू तो एका पायाने थांबवतो, हो, गोलच्या तोंडाशी चक्क थांबवतो, आणि दुसऱ्या पायाने आत सारतो. झाले 2-1. आणि मग 83 व्या मिनिटाला पुन्हा ओव्हरमार्स, पुन्हा कानू, पुन्हा आधी एक टप्पा स्वतःच्या सोयीचा करून घेतो आणि मग असा सणसणीत ठेवून देतो की गोलकीपरचा हात उठेपर्यंत बॉल जाळ्यात. 2-2! इथे कोणीही समजूतदार माणूस म्हणेल की चला, बरोबरी झाली, पावसात एवढं पुष्कळ झालं.

आता तिसरा. हा मी दहा वेळा मागे-पुढे करून बघणार आणि तुम्हालाही बघायला लावणार, आत्ताच सांगते!

90 वं मिनिट. मैदानाच्या डाव्या कडेला, अगदी कोपऱ्याकडे, चेल्सीचा एक बचावपटू बॉल बाहेर तडकवायला जातो आणि मध्ये कानूचा पाय येतो. तोच तो न संपणारा पाय! बॉल अडतो आणि कानूकडे. पण जागा बघा! गोल तिकडे आणि हा इकडे कडेला, शेवटच्या पांढऱ्या रेषेजवळ, जिथून गोलची नुसती कड दिसावी. चेल्सीचा गोलकीपर एड डी हूई, तोही धिप्पाड गडी, गोल सोडून थेट याच्या अंगावर धावत येतो. आणि कानू काय करतो? काहीच नाही! म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, खांदा जरासा आत झुकवतो, आता मी आत वळणार असं दाखवतो, गोलकीपर तिकडे झेपावतो, आडवा होतो, आणि हा बाहेरच्या बाजूने, रेषेच्या काठाकाठाने बॉल घेऊन त्याला वळसा घालून जातो. सावकाश! शेजारच्या गल्लीत दूध आणायला निघाल्यासारखा सावकाश! आणि मग पुढ्यात उघडा गोल, पण उघडा म्हणजे नावाला, कारण हा जवळजवळ रेषेवरच आहे, कोन उरलेलाच नाही, आणि आत गोलच्या तोंडाशी डेसाई आणि लबफ धावत येऊन उभे राहिलेत. हे दोघं कोण? सव्वा वर्षापूर्वी फ्रान्सने वर्ल्डकप जिंकला, त्या फायनलचे बचावपटू! मध्ये आर्सेनलचे लोक पासची वाट बघतायत. मी असते तर पास देऊन मोकळी झाले असते. तुम्हीही दिला असता, खरं सांगा! आणि हा मारतो! उजव्या पायाने, वळवून, त्या दोन विश्वविजेत्यांच्या डोक्यांवरून, वरच्या जाळीत! 3-2! पंधरा मिनिटांत तीन गोल!

मी उठून उभी राहिले, अहो! पाव शतकापूर्वीचा सामना, निकाल कधीच लागून गेलेला, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून टाळ्या पिटतेय!

यात मला सगळ्यात जास्त काय चक्रावून टाकतं माहितेय? घाई नाही! बाकी एकवीस जण जिवाच्या आकांताने पळतायत, पडतायत, चिखलात घसरतायत, आणि हा मधोमध उभा. पुढे जी जी चित्रफीत मिळेल ती बघत गेले आणि जिथे तिथे तेच! मार्च 2000 मध्ये स्पेनच्या देपोर्तिवोविरुद्धचा एक गोल आहे, आर्सेनलने तो सामना 5-1 ने मारला. कानू एकटाच गोलकीपरसमोर पोचतो. आता मारायचा ना! मारत नाही! नुसती अंगाची एक हूल देतो, बॉलला हातच, म्हणजे पायच, लावत नाही, समोरचा गोलकीपर झोकांडी खाऊन खाली, आणि हा शांतपणे बाजूने जाऊन बॉल आत ठेवतो. ठेवतो! मारलं असं म्हणवत नाही! एप्रिल 1999 मध्ये मिडल्सब्रोविरुद्ध टाचेने गोल केलाय, हवेतल्या बॉलला मागच्या मागे टाच लावून! त्यानंतर पंधरवड्याच्या आत टॉटनमच्या मैदानावर एका बचावपटूच्या डोक्यावरून बॉल उडवला, पलीकडे जाऊन स्वतःच गाठला आणि मारला. तेही टॉटनमच्या घरात! आर्सेनल आणि टॉटनम यांचं म्हणे विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, म्हणजे ते किती झोंबलं असेल बघा!

आणि आता खरी गोष्ट ऐका, कारण ती कळल्यावर मी पुन्हा तो तिसरा गोल लावला आणि तो मला वेगळाच दिसायला लागला.

हा माणूस त्या दिवशी मैदानावर असायलाच नको होता!

सांगते. 1996 चं अटलांटा ऑलिंपिक आठवतंय? आपले डोळे लिअँडर पेसच्या ब्राँझकडे होते, मला त्याशिवाय त्या ऑलिंपिकचं काहीही आठवत नाही. पण त्याच दिवसांत तिकडे फुटबॉलची सेमीफायनल चालू होती, नायजेरिया विरुद्ध ब्राझील! ब्राझील म्हणजे रोनाल्डो, बेबेटो, रिव्हाल्डो, रॉबर्टो कार्लोस, ही सगळी मंडळी एका संघात! नायजेरियाचा कप्तान कानू. वय वर्षं एकोणीस, आणि विसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी! ब्राझील 3-1 ने पुढे. नायजेरियाच्या ओकोचाची पेनल्टी वाया गेलेली. आणि मग इक्पेबा एक गोल काढतो, 3-2, आणि मग 90 व्या मिनिटाला गोलच्या तोंडाशी ही गर्दी, त्यात कानूची गोलकडे पाठ, आणि तो, ऐका हं, बॉल हलकेच वर उचलतो, वळतो आणि आत मारतो! 3-3! आणि मग जादा वेळ, ज्यात पहिला गोल करणारा जिंकला असा तेव्हाचा नियम होता, आणि मग चौथ्याच मिनिटाला पुन्हा कानू! 4-3! ब्राझील घरी! तीन दिवसांनी फायनलमध्ये अर्जेंटिनाही 3-2 ने गेला आणि सुवर्णपदक नायजेरियाचं! फुटबॉलचं ऑलिंपिक सोनं आफ्रिकेत पहिल्यांदाच गेलं. आणि आम्ही इकडे काय करत होतो? झोपलो होतो!

त्याआधीचं पटकन सांगते, ते वाचून मला धाप लागली होती. सतराव्या वर्षी जपानमध्ये कुमारांचा वर्ल्डकप जिंकला, मग हॉलंडच्या आयाक्सने उचलला, 1995 मध्ये व्हिएन्नात मिलानला हरवून युरोपातला सगळ्यात मोठा कप जिंकला त्या संघात हा होता. आणि त्याच आयाक्समध्ये कोण होता? ओव्हरमार्स! तोच तो! यांची जोडी जुनीच! असं काही सापडलं की मला कोणीतरी गुपित सांगितल्यासारखं वाटतं.

तर ऑलिंपिकचं सोनं गळ्यात, इटलीच्या इंटर मिलानने करार केलेला, सगळं छान छान. आणि मग क्लबची वैद्यकीय तपासणी. आणि मग डॉक्टर म्हणतात, हृदयात दोष आहे, महाधमनीच्या झडपेत. खेळणं बंद.

विसाव्या वर्षी!

इथे माझे उद्गारवाचक जरा कमी होतात. महिन्यापूर्वी ज्याने ब्राझीलला पळवलं त्याला सांगितलं जातं की पळू नकोस. त्या नोव्हेंबरात अमेरिकेत क्लीव्हलंडला त्याच्यावर ऑपरेशन झालं. इंटरचे अध्यक्ष मोराती त्याच्या पाठीशी उभे राहिले, क्लबने त्याला टाकून दिलं नाही. काही महिन्यांनी, 1997 च्या वसंतात, तो पुन्हा मैदानावर आला. पण इंटरमध्ये त्याला फारसं खेळायला मिळेना. पुढे जानेवारी 1999 मध्ये आर्सेनलचे मॅनेजर आर्सेन वेंगर यांनी त्याला सुमारे 40 लाख पौंडांना लंडनला आणलं. दुरुस्त केलेल्या हृदयाचा, दोन वर्षं जवळपास बाकावर बसलेला स्ट्रायकर! इंग्लंडच्या लीगमध्ये! जिथे म्हणे सगळ्यात जास्त धसमुसळेपणा चालतो! वेंगर यांना काय दिसलं असेल हो? माझ्या मते त्यांना तेच दिसलं जे आपल्याला आत्ता दिसलं, घाई न करणारा माणूस. पण मी कोण सांगणार!

आणि आल्या आल्या त्याने काय केलं? गोंधळ! पहिल्याच सामन्यात!

हा किस्सा मला सगळ्यात आवडतो, ऐकाच! 13 फेब्रुवारी 1999, इंग्लंडची एफए कप स्पर्धा, समोर शेफील्ड युनायटेड. 1-1 बरोबरी. कानू बदली म्हणून उतरलाय, इंग्लंडातला त्याचा पहिलाच खेळ. शेफील्डचा एक खेळाडू जखमी होऊन पडतो, म्हणून त्यांचा गोलकीपर बॉल मुद्दाम मैदानाबाहेर घालवतो. आता तिकडची रीत अशी की खेळ सुरू झाला की समोरच्याने बॉल सभ्यपणे परत द्यायचा. नियमात लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. आर्सेनलचा पार्लर तसा तो थ्रो करून परत देतोय, सगळे निवांत उभे, आणि आमचा कानू? त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही! त्याला समोर मोकळा बॉल दिसतो आणि, आयुष्यात एकदा, हा माणूस घाई करतो! धावत जाऊन बॉल घेतो, मध्ये देतो, आणि तिथे कोण उभा? ओव्हरमार्स! तो मारतो, गोल! 2-1! आणि मग जो काही धुरळा उडाला! शेफील्डचे मॅनेजर स्टीव्ह ब्रूस लालबुंद, खेळाडूंना मैदानाबाहेर बोलावू लागले, पंच बिचारा काय करणार, नियमाप्रमाणे गोल बरोबरच! आणि मग सामना संपल्या संपल्या वेंगर स्वतः म्हणाले, हे बरोबर झालं नाही, आपण पुन्हा खेळू. आणि खेळले! दहा दिवसांनी! जिंकलेला सामना आपणहून परत दिला! दुसऱ्यांदाही आर्सेनलच जिंकलं, 2-1 नेच, ते सोडा. पण मला सांगा, आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कोणी बाद झालेलं मान्य करत नाही!

पुढच्या पाच वर्षांचं मी भराभर सांगणार, कारण चषकांच्या याद्या वाचताना माझी पुन्हा डुलकी लागते. 1999 मध्ये तो दुसऱ्यांदा आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, 2002 मध्ये आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, 2003-04 मध्ये तर अख्ख्या लीगमध्ये एकही सामना न हरता पहिले आले, 38 सामन्यांत एकही हार नाही! तेव्हा तो बहुतेक बाकावरूनच यायचा, कारण पुढच्या फळीत थिएरी ऑन्री आणि बर्गकाम्प असताना जागा कुठून मिळणार. मला जरा राग आला. पण मला कोण विचारतं!

खरी गंमत त्यानंतर आहे! मोठ्या क्लबातून निघालेला स्ट्रायकर म्हणजे संपला असं लोक समजतात ना? 2004 मध्ये हा गेला वेस्ट ब्रॉमविचला, म्हणजे तळाशी धडपडणाऱ्या संघात, आणि तिथे गोल करायच्या ऐवजी काय गाजवलं? न झालेला गोल! मिडल्सब्रोविरुद्ध शेवटच्या क्षणांत गोल समोर, एका पावलावर, गोलकीपर नाही, कोणी नाही, मी सुद्धा केला असता, खरंच केला असता, आणि याने बॉल दांडीवरून उडवला! एका फुटावरून वर! ज्याने चेल्सीत रेषेवरून, कोन नसताना, दोघांच्या डोक्यांवरून मारला तोच हा! मी हसून हसून खाली बसले. मग मला त्याचा आणखीच लळा लागला. अवघड असेल तर जमतं, सोपं दिलं की गडबड! आणि तरी त्या मोसमात वेस्ट ब्रॉमविच खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून वाचलं, ख्रिसमसला यादीत सगळ्यात खाली असून शेवटच्या दिवशी तगलं. प्रीमियर लीगमध्ये तोवर असं कोणीच केलं नव्हतं!

2006 मध्ये पोर्ट्समथ. तिशी गाठलेली. पहिला सामना, पुन्हा बदली म्हणून, ब्लॅकबर्नविरुद्ध. दोन गोल केले! आणि पेनल्टी चुकवली! बघा, मी म्हटलं नव्हतं? सोपं दिलं की गडबड! त्या मोसमात क्लबतर्फे सर्वाधिक गोल याचेच. आणि मग 2008 चा एफए कप, जिथे सेमीफायनलला समोर वेस्ट ब्रॉमविच, म्हणजे याचं जुनंच घर, आणि 1-0, गोल कानूचा. आणि मग 17 मे, वेम्बली, फायनल, समोर कार्डिफ. पूर्वार्धातच हा गोलकीपरला तसाच, तस्साच, चेल्सीसारखा वळसा घालतो, पुढे उघडा गोल आणि बॉल खांबाला लागून बाहेर! मी उशी फेकली! आणि मग 37 व्या मिनिटाला जॉन उटाका, तोही नायजेरियाचाच, उजवीकडून बॉल आत टाकतो, गोलकीपरच्या हातातून तो निसटतो, आणि तिथे कोण उभा असतो? धावत आलेला नाही, झेपावलेला नाही. उभा! कानू! पाय लावतो, गोल. 1-0. तेवढाच. पोर्ट्समथने एफए कप जिंकला, 1939 नंतर पहिल्यांदा! 69 वर्षांनी! त्या गावातल्या आजोबांचे चेहरे मला बघायचे होते, पण कॅमेऱ्याने फार दाखवले नाहीत.

थोडं थांबते. पाणी पिते.

एक राहिलंच. 2000 मध्ये, म्हणजे त्या चेल्सीच्या पावसानंतर काही महिन्यांतच, त्याने कानू हार्ट फाउंडेशन काढलं. हृदयाचा दोष घेऊन जन्मलेल्या आफ्रिकन मुलांची ऑपरेशनं करून देणारं. शेकडो मुलांची झालीयत आणि त्यातली काही त्यासाठी आपल्याकडे, भारतात येऊन गेली. आपल्या फुटबॉलवेड्या गोव्याला नायजेरियाची माणसं ठाऊक आहेत, धेंपोचा रँटी मार्टिन्स, चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली, दोघांनी तिथे गोलांच्या राशी घातल्या. कोलकात्याला त्यांच्याआधी चिमा ओकोरी ठाऊक होता. मग कानूबद्दल बाकीच्या आपल्याला कोणी कधी सांगितलं का नाही? सांगितलं असेल. आम्ही क्रिकेट लावून बसलो होतो!

बरं, अजून जायचं नाही. कानू 2012 पर्यंत पोर्ट्समथमध्ये होता, क्लब दिवाळखोरीत गेला, खालच्या लीगमध्ये घसरला, तरी होता, आणि पुढे ओवेरीपासून फार लांब नसलेल्या आबाच्या एनयिम्बा क्लबचा अध्यक्ष झाला. ते बघू नंतर. कारण पोर्ट्समथ शोधता शोधता मला दुसरा एक सापडलाय! याकुबू! बेनिन सिटीचा! कानूच्या अगदी उलट, आडव्या बांध्याचा, आणि प्रीमियर लीगमध्ये गोल किती? 95! मे 2004, मोसमाचा शेवटचा दिवस, पोर्ट्समथ विरुद्ध मिडल्सब्रो, बिचारं पुन्हा मिडल्सब्रोच, सामना 5-1 आणि त्यातले चार एकट्या याकुबूचे! हा मी अजून बघितलेला नाही. लावू?